वाचकांचे प्रश्न : बटू नवतारा आधी कुठे पेटतो?

मागच्या अंकात हंस तारकासमूहातल्या एसएस सिग्नी या बटू नवताऱ्यावर छोटं टिपण दिलं होतं. हा तारा दीड-दोन महिन्यांतून एकदा, दिवस-दोन दिवसांत पंचवीसपट तेजस्वी होतो आणि एक ते तीन आठवड्यांनी पुन्हा मंदावतो, एवढंच त्यात होतं. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तिथे प्रश्न एकत्र केला आहे.

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे) : उद्रेक हा ताऱ्याचा स्फोट असेल, तर तो सगळ्या तरंगलांबींत एकदमच दिसायला हवा. मग दृश्य प्रकाशात आधी आणि अतिनीलमध्ये नंतर, असं का होतं?

उत्तर : इथे स्फोट होतच नाही. बटू नवतारा म्हणजे एकमेकांभोवती काही तासांत फिरणारी जोडी. एसएस सिग्नीत ही फेरी ६ तास ३६ मिनिटांची आहे. जोडीतला एक श्वेत बटू, म्हणजे साधारण सूर्याच्या वस्तुमानाचा पण पृथ्वीएवढा विझलेला गाभा. दुसरा साधा, लालसर तारा. हा दुसरा आपल्या गुरुत्वाच्या हद्दीत काठोकाठ भरलेला असतो आणि त्याचा वायू बटूकडे सांडत राहतो. फिरण्याच्या वेगामुळे तो वायू सरळ बटूवर पडत नाही, त्याच्याभोवती पातळ तबकडी धरतो. उद्रेक होतो तो या तबकडीत. खऱ्या नवताऱ्यात बटूच्या पृष्ठभागावर साठलेल्या हायड्रोजनचं अणुमीलन भडकतं. ते प्रकरण निराळं.

शांत काळात तबकडी तीन-चार हजार केल्विनची असते. वायूतलं अंतर्गत घर्षण कमी असल्यामुळे शेजारच्या ताऱ्याकडून येणारा माल आत सरकत नाही, साचत जातो. साचता साचता एखाद्या कड्याचं तापमान सहा-सात हजारांपलीकडे गेलं की हायड्रोजनचं आयनीभवन, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटणं, सुरू होतं. या टप्प्यावर वायूची अपारदर्शकता तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. उष्णता कोंडते, त्यामुळे तापमान आणखी चढतं, आणि ते कडं दहा हजारांच्या पुढे जाऊनच स्थिरावतं. मधल्या तापमानाला त्याला उभंच राहता येत नाही. वरच्या अवस्थेत घर्षण पाच ते दहा पट वाढतं आणि साचलेला माल आत धावू लागतो. जुन्या शाळांच्या किंवा स्टेशनांच्या मुताऱ्यांत वर एक टाकी असते. ती थेंबाथेंबाने भरते, ठरावीक पातळीला पोचली की आपोआप सुटते, आणि सुटली की त्या पातळीला थांबत नाही, पार खाली जाते. तबकडीचंही तसंच. भरणं सावकाश, रिकामं होणं एकदम. तबकडीच अस्थिर होते, ही कल्पना १९७४ मध्ये योजी ओसाकी यांनी मांडली. आयनीभवनाचा पाया तिला पुढच्या सात-आठ वर्षांत मिळाला.

आता तुमचा मूळ प्रश्न. पेटलेलं कडं शेजारच्या कड्याला पेटवतं, आणि ही आघाडी तबकडीतून सरकत जाते. एसएस सिग्नीची तबकडी सुमारे चार-पाच लाख किलोमीटर त्रिज्येची आहे. आघाडीचा वेग सेकंदाला चार किलोमीटर धरला, तर चार लाख किलोमीटरला एक लाख सेकंद लागतात, म्हणजे जवळपास २८ तास. वेग निम्मा धरला तर दुप्पट. उद्रेक चढायला एक-दोन दिवस का लागतात, ते या साध्या भागाकारातून निघतं.

प्रत्येक कड्याचा रंग वेगळा असतो. दहा हजार केल्विनचा पृष्ठभाग सर्वांत जास्त प्रकाश सुमारे २९० नॅनोमीटरला देतो, तीस हजारांचा ९७ नॅनोमीटरला. बाहेरची विस्तीर्ण कडी दहा हजारांच्या आसपास तापतात आणि दृश्य प्रकाश मुख्यतः तिथून येतो. तीस हजारांच्या वर जाणारी कडी बटूला लागून असतात. त्यामुळे आघाडी बाहेरून आत निघाली, तर दृश्य प्रकाश आधी चढतो आणि अतिनील साधारण अर्धा ते एक दिवस मागे राहतो. आतून बाहेर निघाली, तर चढ सावकाश होतो आणि हा फरक आक्रसतो. दृश्य प्रकाशवक्राची (तेज वेळेनुसार कसं बदलतं त्या आलेखाची) चढती बाजू उभी आहे की तिरपी, यावरून आग कुठून लागली याचा पहिला अंदाज बांधता येतो, आणि तो ठाण्याच्या गच्चीवरूनही बांधता येतो.

एक अडचण सांगायला हवी. मोजलेला उशीर साध्या गणितापेक्षा जास्त भरतो. शांत काळात तबकडीचा अगदी आतला भाग रिकामाच असतो, मग ते भोक भरायला वेळ लागतो, असं स्पष्टीकरण दिलं जातं. ते भोक बटूच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पडतं की आतला वायू विरळ होऊन उडून गेल्यामुळे, यावर अजून वाद आहे. आम्हाला यात वावगं काही वाटत नाही. नुसत्या दृश्य प्रकाशात हे भोक कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

प्रश्न (नेरूळ) : माझ्याकडे आठ इंची डॉब्सोनियन आहे. इमारतीच्या गच्चीवरून एसएस सिग्नी दिसेल का? कसा शोधायचा?

उत्तर : उद्रेकात नक्की दिसेल, शांत असताना जेमतेम. त्याची प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा तेजस्वी) शांत काळात १२ च्या आसपास आणि उद्रेकात ८.५ च्या आसपास असते. आपल्याकडच्या उजळलेल्या आकाशात आठ इंची दुर्बिणीची मर्यादा १२ ते १२.५ धरा. तीसुद्धा चंद्र नसताना आणि गच्चीवरचा एलईडी दिवा डोळ्यावर येत नसताना.

हंगाम अवघड आहे. हा तारा मध्यरात्री माथ्यावर येतो तो ऑगस्टमध्ये, ऐन पावसात. आपल्या हाती लागतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेआठच्या सुमारास तो उत्तरेला सुमारे ६५ अंश उंचीवर असतो. दिवाळीचे चार दिवस मात्र मोजणीच्या भरवशाचे धरू नका. फटाक्यांच्या धुराचा पडदा आकाशात सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे तुलनेचे तारेही दगा देतात.

शोधायला डेनेबपासून सुरुवात करा. तिथून पूर्वेला ऱ्हो सिग्नी (प्रत ४), मग सव्वादोन-अडीच अंश आग्नेयेकडे ७५ सिग्नी, पाचव्या प्रतीचा लालसर तारा. नेरूळमधून तो नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, फाइंडरमध्ये दिसेल. एसएस सिग्नी त्याच्या ईशान्येला साधारण अर्ध्या अंशावर आहे. आकाशातला त्याचा पत्ता : विषुवांश २१ तास ४२.७ मिनिटे, क्रांती +४३ अंश ३५ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). डॉब्सोनियनमध्ये चित्र उलटं दिसतं, तेव्हा नकाशा १८० अंशांत फिरवून हातात धरा. पहिल्या रात्री बहुतेक जण इथेच चुकतात आणि शेजारच्याच कुठल्या तरी ताऱ्याची प्रत लिहून मोकळे होतात.

ठिकाण सापडल्यावर कमी विशालनाची नेत्रिका काढून जास्तीची लावा. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला १० मिलिमीटरची नेत्रिका १२० पट देते. विशालन वाढलं की आकाशाची पार्श्वभूमी काळवंडते, तारा मात्र बिंदूच राहतो. शहरी आकाशात पाऊण-एक प्रत याच युक्तीने मिळते.

प्रत ठरवण्यासाठी एएव्हीएसओ या १९११ मध्ये स्थापन झालेल्या, तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संस्थेचा नकाशा घ्या. त्यात ताऱ्यांशेजारी १०९, ११८ असे आकडे असतात. ते १०.९ आणि ११.८ असे वाचायचे. दशांश चिन्ह तारा समजलं जाऊ नये म्हणून गाळलेलं असतं. एसएस सिग्नीपेक्षा थोडा तेजस्वी एक आणि थोडा मंद एक, असे दोन तारे निवडा आणि त्यांच्यामध्ये तो कुठे बसतो ते दहाच्या भागांत ठरवा. समजा, तारे १०.९ आणि ११.९ चे आहेत आणि तो पहिल्यापासून तीन दशांश अंतरावर वाटला, तर प्रत ११.२. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहू नका. डोळा त्याला हळूहळू जास्त तेजस्वी दाखवू लागतो. आदल्या रात्रीचा आकडा वहीत झाकून ठेवा, नाहीतर हात नकळत तोच लिहितो.

आणि तारा दिसलाच नाही तर? नकाशातला दिसलेला सर्वांत मंद तारा १२.१ चा असेल, तर ‘१२.१ पेक्षा मंद’ अशी नोंद करा. ती वाया जात नाही. हबल दुर्बिणीवरचा अतिनील वर्णपटमापक ‘कॉस’ फार नाजूक आहे. बटू नवतारा उद्रेकात असताना त्यावर प्रकाश पडला तर डिटेक्टर बिघडू शकतो. म्हणून अशा ताऱ्यांकडे हबल वळवण्याआधी ‘तारा शांत आहे’ अशी हौशी निरीक्षकांची ताजी ग्वाही घेतली गेली होती. न दिसणं हीसुद्धा माहिती आहे, ती अशी.

प्रश्न (ऐरोली) : मी सहा इंची दुर्बीण आणि फिल्टरशिवाय मोनोक्रोम सीमॉस कॅमेरा वापरतो. शांत काळात माझी मोजणी इतरांशी जुळते, पण उद्रेकाच्या शिखरावर माझा तारा ०.३ प्रतीने मंद भरतो. फ्लॅट, डार्क ही कॅमेऱ्याचे दोष काढणारी चित्रं सगळी घेतो. चूक कुठे?

उत्तर : लक्षणं वाचून पहिला संशय एकाच गोष्टीवर जातो. एक्स्पोजर तुम्ही शांत काळासाठी लावलेलं आहे आणि उद्रेकात तेच वापरताय. बाराव्या प्रतीला ताऱ्याच्या मधल्या पिक्सेलचा आकडा पार्श्वभूमीच्या वर ४,००० येत असेल, तर ३.५ प्रत तेजस्वी झाल्यावर तो पंचवीसपट म्हणजे एक लाखावर जायला हवा. १६ बिट फाइलमध्ये ६५,५३५ च्या पुढे जागाच नाही. माथा छाटला जातो आणि तारा मंद भरतो. तुमचा कॅमेरा १२ बिटांचा असेल, तर तो खरा ४,०९५ लाच भरतो. सॉफ्टवेअर सोळाने गुणून ६५,५२० दाखवतं, इतकंच. आकडा छाटला गेला नाही तरी वरच्या टोकाला सेन्सरचा प्रतिसाद सरळ राहत नाही, म्हणून ५०,००० च्या खाली राहा.

उपाय सोपा आहे. गेन कमी करा आणि दोन संच घ्या, ६० सेकंदांचे आणि १० सेकंदांचे. १० सेकंदांहून खाली जाऊ नका. हवेच्या लुकलुकीमुळे एकेका चित्रात प्रत उड्या मारते. दहा-बारा चित्रांची सरासरी घ्या. तुलनेचा तारा छाटला गेलाय का, तेही तपासा. तो छाटला गेला तर चूक उलटी होते आणि तुमचा तारा फुकट तेजस्वी होतो.

एवढ्याने ०.३ पैकी बराच भाग जाईल. उरलेला, बहुधा ०.१ च्या घरातला, रंगाचा असतो. उद्रेकात तारा निळा असतो, तुलनेचे तारे बहुतेक पिवळे-तांबूस. उघड्या सेन्सरला लाल आणि जवळच्या अवरक्ताचा प्रकाशही मोजता येतो, आणि तो तुलनेच्या ताऱ्यांकडे जास्त असतो. म्हणून निळा तारा त्यांच्यापुढे मंद ठरतो. शांत काळात एसएस सिग्नीच्या प्रकाशात लाल जोडीदाराचा वाटा मोठा असल्याने हा फरक झाकला जातो. परिणाम असा की उद्रेकाची उंचीच खुजी भरते. फोटोमेट्रीचा व्ही फिल्टर घ्या. खगोलछायाचित्रणाच्या आरजीबी संचातला हिरवा चालवून घेता येतो, पण तो व्ही नव्हे, आणि अहवालात त्याची नोंद तशीच करायची. फिल्टरशिवायचे आकडे फिल्टरच्या आकड्यांत मिसळू नका.

शांत काळात एकाच रात्री दहा मिनिटांत प्रत ०.१ ने हलली तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. ती तबकडीची स्वतःची थरथर असते. खरं-खोटं पाहायला तुलनेच्या ताऱ्यासारखाच दुसरा एक तपासतारा मोजत राहा. तो स्थिर असेल तर थरथर आकाशातली.

खाडीकाठचा दमटपणा हा ऐरोलीचा खास शत्रू. रात्री अकरानंतर सगळे तारे एकसाथ मंदावत गेले, तर ढगाच्या आधी करेक्टर प्लेटवर किंवा कॅमेऱ्याच्या काचेवर बोट फिरवल्यासारखा धूसर थर आलाय का ते बघा. दव-पट्टा पहिल्यापासून मंद चालू ठेवायचा. दव धरल्यावर लावला तर काच तापेपर्यंत अर्धा तास जातो. आणि जून ते सप्टेंबर सगळं सामान हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह. जेलचा रंग बदलला की ते भट्टीत वाळवा, नाहीतर डबा नुसता बुरशीचा ठेवा होतो.

प्रश्न (खारघर, विज्ञान शाखेची विद्यार्थिनी) : तारा दृश्य प्रकाशात वाढतो तेव्हा त्याचे क्ष-किरण कमी होतात, असं वाचलं. जास्त वायू पडतोय तर क्ष-किरणही वाढायला नकोत का?

उत्तर : आधी वाढतात, मग कोसळतात, आणि त्यातच सगळी गंमत आहे.

तबकडीच्या आतल्या काठावर वायू सेकंदाला तीन-चार हजार किलोमीटर वेगाने फिरत असतो. बटूचा पृष्ठभाग त्या मानाने जवळपास उभा. दोघांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात, सीमास्तरात, वायूला ब्रेक लागतो. वायू पडताना सुटणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी तबकडीत खर्च होते आणि निम्मी या पट्ट्यात. आता प्रश्न उरतो ती बाहेर कशी पडते याचा. वायू थोडा आणि विरळ असेल, तर त्याला थंड होता येत नाही. तो दहा कोटी केल्विनपर्यंत तापतो आणि कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण देतो. वायू भरपूर आणि दाट झाला, की तोच पट्टा अपारदर्शक होतो, ऊर्जा मोठ्या पृष्ठभागावरून सहज बाहेर टाकतो आणि दोन-तीन लाख केल्विनवर येतो. या तापमानाचा प्रकाश १० ते १५ नॅनोमीटरला, टोकाच्या अतिनीलमध्ये, पडतो. ऊर्जा वाढलेलीच असते, फक्त तिचं दुकान हलतं.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ऑक्टोबर १९९६ च्या एसएस सिग्नीच्या उद्रेकात मिळाला. क्ष-किरणांसाठी आरएक्सटीई, टोकाच्या अतिनीलसाठी ईयूव्हीई हे उपग्रह आणि दृश्य प्रकाशासाठी एएव्हीएसओचे निरीक्षक, असे तिघे एकाच वेळी पाहत होते. दृश्य प्रकाश चढू लागल्यावर सुमारे दिवसाभराने कठीण क्ष-किरण वाढू लागले. दीड दिवसाच्या सुमारास टोकाचा अतिनील उसळला आणि नेमके तेव्हाच कठीण क्ष-किरण धाडकन खाली आले. उद्रेक ओसरताना पुन्हा उलट क्रमाने हा बदल झाला. तुम्ही आलेख काढलात तर क्ष-किरणांचे दोन सुळके दिसतील, एक चढताना आणि एक उतरताना, मध्ये दरी.

हे प्रत्येक बटू नवताऱ्याला लागू करू नका. यू जेमिनोरम, १८५५ मध्ये जॉन रसेल हाइंड यांना सापडलेला या जातीचा पहिला तारा, उद्रेकात कठीण क्ष-किरणांतही तेजस्वी होतो. नियम सांगितल्यावर परीक्षक हा अपवाद विचारतात.

टोकाचा अतिनील थोड्याच बटू नवताऱ्यांत मोजला गेला, याला कारण आपल्या आणि ताऱ्याच्या मधला हायड्रोजन. ९१.२ नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश तो गिळतो. जवळचा आणि मोकळ्या वाटेवरचा तारा असेल तरच काही हाती लागतं.

प्रश्न (वाशी) : टी कोरोनी बोरिआलिस हाही बटू नवताराच का? त्याची इतकी वाट पाहिली जाते म्हणून विचारतो.

उत्तर : नाही. तो पुनरावर्ती नवतारा. १८६६ आणि १९४६ मध्ये तो भडकला तो बटूवरच्या अणुमीलनाने. त्याचा जोडीदार लाल राक्षसी तारा आहे आणि फेरी सुमारे २२७ दिवसांची.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : निरीक्षणाची वेळ ज्युलियन दिनांकात द्यायची म्हणतात. घड्याळ मोबाइलवर बरोबर असताना हा खटाटोप कशाला?

उत्तर : निरीक्षणं जगभरातून येतात, आणि दिवस कुठे बदलतो यावर भांडण नको म्हणून. ज्युलियन दिनांक म्हणजे दिवसांची सलग मोजणी. तो यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे दुपारी बाराला बदलतो. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे भारतातली अख्खी रात्र, दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत, एकाच ज्युलियन दिनांकात बसते. मध्यरात्री तारीख बदलण्याचा घोळ आपल्याला नाहीच.

अपूर्णांक काढायची रीत : भारतीय वेळेतून ५ तास ३० मिनिटे वजा करा, मग दुपारी बारापासून किती तास झाले ते २४ ने भागा. रात्री साडेनऊ म्हणजे १६:०० यूटीसी, बारापासून चार तास, ४ भागिले २४ म्हणजे ०.१६७. साडेपाचपासूनचे तास थेट मोजले तरी उत्तर तेच.

ही वजाबाकी विसरली तर ०.२२९ दिवसांची चूक होते. वर सांगितलेला दृश्य आणि अतिनील यांच्यातला उशीर अर्ध्या दिवसाचा आहे, म्हणजे एका विसराळूपणात निम्मा उशीर खाऊन टाकला! संग्रहात साडेपाच तासांनी सरकलेली नोंद लगेच ओळखू येते, पण तोवर कुणी ती वापरलेली असू शकते. कॅमेरा जोडलेल्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर वेळ स्थानिक लिहितं की यूटीसी, हे एकदा फाइलच्या शीर्षात उघडून बघा. आणि वेळ एक्स्पोजरच्या सुरुवातीची नको, मधली द्या.

आपल्या रेखांशाला इथे किंमत आहे. जपानमध्ये अंधार पडल्यावर साधारण चार-साडेचार तासांनी आपल्याकडे पडतो, आणि युरोपात त्यानंतर आणखी चार-पाच तासांनी. उद्रेकाची चढण या खिडकीत सुरू झाली, तर ती पकडणारे निरीक्षक मोजकेच असतात.

प्रश्न (कोपरखैरणे) : तबकडीच्या अस्थिरतेचा सिद्धांत चुकीचा ठरला होता आणि मग पुन्हा बरोबर ठरला, असं कळलं. हे काय गौडबंगाल?

उत्तर : गौडबंगाल अंतराचं होतं. १९९९ मध्ये हबलच्या मोजणीतून एसएस सिग्नीचं अंतर सुमारे १६६ पार्सेक (सुमारे ५४० प्रकाशवर्षं) आलं. इतक्या लांबून इतका तेजस्वी दिसायचा, तर तबकडीतून वाहणारा माल सिद्धांताच्या मर्यादेपेक्षा जास्त हवा. पण तेवढा माल येत असता, तर तबकडी कायम तापलेलीच राहिली असती आणि उद्रेक झालेच नसते. थोडक्यात, सिद्धांताचा लाडका ताराच त्याच्याविरुद्ध साक्ष देत होता.

सोडवणूक रेडिओने केली. शांत काळात हा तारा रेडिओत जवळजवळ मुका असतो, पण उद्रेकाच्या सुरुवातीला रेडिओ झोत सोडतो. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून कळलं होतं. हजारो किलोमीटरवर विखुरलेल्या रेडिओ दुर्बिणी जोडून ताऱ्याचं पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचं दिसणारं किंचित सरकणं, ज्यावरून अंतर निघतं) फार बारकाईने मोजता येतं, मात्र तारा बोलत असतानाच. म्हणून उद्रेक सुरू झाल्याची वर्दी हौशी निरीक्षकांकडून घ्यायची आणि दुर्बिणी वळवायच्या, असं ठरलं. २०१३ मध्ये उत्तर आलं : ११४ पार्सेक, म्हणजे सुमारे ३७० प्रकाशवर्षं. गाया उपग्रहाच्या मोजणीनेही तेच सांगितलं. १६६ ला ११४ ने भागून वर्ग करा, २.१ येतात. ताऱ्याचं खरं तेज तेवढ्या पटीने कमी झालं आणि सिद्धांताच्या हद्दीत बसलं.

सगळं मिटलं असं मात्र समजू नका. २०२१ च्या सुरुवातीला याच ताऱ्याने नेहमीची लय सोडली. तो पुरता शांतही होईना आणि नीट भडकेना. वर्षानुवर्षं एकाच ताऱ्यावर नजर ठेवण्याला ‘त्यात नवीन काय’ म्हणणाऱ्यांनी तो आलेख जरूर पाहावा.

प्रश्न (सीबीडी बेलापूर) : आमच्या महाविद्यालयातल्या तिघांना बहुतरंगी निरीक्षणांवर प्रकल्प करायचा आहे. दुर्बीण नाही, माहितीसाठा वापरू. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तारा आधी निवडू नका, उद्रेक निवडा. एकाच उद्रेकाची चढण दृश्य प्रकाशात आणि निदान आणखी एका तरंगलांबीत नोंदलेली असेल, तरच उशीर मोजता येतो. बहुतेक उपग्रहांची निरीक्षणं शिखरानंतर सुरू होतात, कारण वर्दी मिळून उपग्रह वळेपर्यंत दिवस गेलेला असतो. शंभर निरीक्षणं चाळून चार कामाची निघाली तरी नशीब समजा.

दृश्य प्रकाश एएव्हीएसओच्या संग्रहातून घ्या. डोळ्यांचे आणि व्ही फिल्टरचे आकडे वेगळ्या रंगांत ठेवा. डोळ्यांच्या अंदाजांत ०.२ प्रतीचा विखुरलेपणा असतोच. क्ष-किरण आणि अतिनीलसाठी नासाचा स्विफ्ट आणि आपला ॲस्ट्रोसॅट हे उपग्रह. ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण, एसएक्सटी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) घडली. त्याची खुली झालेली माहिती इस्रोच्या आयएसएसडीसी केंद्राच्या संग्रहात मिळते.

एसएक्सटीची प्रतिमा पसरट असते, म्हणून स्रोताभोवतीचं वर्तुळ बरंच मोठं, पंधरा कलांपर्यंत घ्यावं लागतं. त्या वर्तुळात दुसरा क्ष-किरण स्रोत येतोय का, हे आधी तपासा. पार्श्वभूमी त्याच चित्रातून न काढता दुर्बिणीच्या गटाने दिलेल्या रिकाम्या आकाशाच्या फाइलमधून घ्या. दुर्बिणीचा पट्टा ०.३ ते ८ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. अडीच लाख केल्विनचा सीमास्तर म्हणजे जेमतेम ०.०२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, त्यामुळे पट्ट्यात त्याची शेपटीच येते. तिच्यावरून संपूर्ण तेज काढायचा मोह आवरा. मधल्या हायड्रोजनचा अंदाज थोडा चुकला तरी उत्तर दहापटीने हलतं.

वेळेचा अक्ष ‘उद्रेक सुरू झाल्यापासूनचे दिवस’ असा घ्या. सुरुवात म्हणजे काय ते आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ चढताना व्ही प्रत ११.० ओलांडते तो क्षण. शिखराची वेळ धरू नका, शिखर सपाट असतं. प्रतीचं तेजात रूपांतर करा (१० चा घात उणे ०.४ गुणिले प्रत) आणि उभा अक्ष लॉगमध्ये ठेवा. न दिसलेल्या नोंदी खाली बाण काढून दाखवा. मोकळ्या जागा गुळगुळीत रेषेने जोडू नका. चढण नेमकी त्या जागेत लपलेली असते.

कमी आवर्तनकाळाचा तारा घेतलात तर आणखी एक सापळा आहे. ॲस्ट्रोसॅट पृथ्वीभोवती सुमारे ९८ मिनिटांत फिरतो आणि प्रत्येक फेरीत पृथ्वी आडवी येऊन निरीक्षण तुटतं. डब्ल्यूझेड सॅजिटी या बटू नवताऱ्याच्या जोडीची फेरी ८१.६ मिनिटांची आहे, आणि तिच्या जवळपासच्या काळाचे तारे बरेच आहेत. अशा वेळी मिळालेला काळ ताऱ्याचा की उपग्रहाचा, हे ओळखायला त्याच निरीक्षणातल्या रिकाम्या आकाशाच्या भागाचाही तसाच प्रकाशवक्र काढून पाहा. त्यातही तोच काळ निघाला, तर तो उपग्रहाचा.

विषय निवडताना व्हीडब्ल्यू हायड्राय या बटू नवताऱ्याचं नाव तुम्हाला वारंवार भेटेल. १९८० च्या दशकापासून त्यावर उत्तम बहुतरंगी काम आहे. माहितीसाठ्यासाठी तो घ्याच. प्रत्यक्ष पाहायची आशा मात्र ठेवू नका, तो उणे ७१ अंश क्रांतीवर आहे आणि बेलापूरहून क्षितिजावर येतच नाही. पाहायचाच असेल तर यू जेमिनोरम घ्या. फेब्रुवारीअखेर रात्री दहाच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर असतो, उद्रेकात नवव्या प्रतीपर्यंत येतो, आणि सहा इंची दुर्बीण कुणाकडे तरी मागून मिळतेच.